पाण्यावर गाडी खरंच चालते का? एचएचओ किटमागचं विज्ञान आणि पैशांचा हिशोब

पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून एक व्हिडिओ ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा फिरत येतो. एक माणूस मोटारसायकलला पाण्याची बाटली जोडतो, किक मारतो आणि गाडी सुरू होते. खाली लिहिलेलं असतं, तेल कंपन्या हा शोध दडपून टाकतील, जास्तीत जास्त शेअर करा. दुसरा प्रकार जरा सौम्य असतो. पेट्रोल राहू द्या, फक्त सोबत एक 'एचएचओ किट' बसवा, ॲव्हरेज तीस ते पन्नास टक्के वाढेल.

पहिला प्रकार हसून सोडून देता येतो. दुसऱ्यावर मात्र रिक्षावाले, टॅक्सीवाले आणि डिझेल पंप वापरणारे शेतकरी खिशातले खरे पैसे घालतात. त्यात पूर्ण खोटं असं काहीच दिसत नाही. पाण्यातून वायू खरोखर निघतो, तो खरोखर जळतो आणि इंजिनात खरोखर जातो. मग अडतं कुठे? उत्तर हिशोबात आहे आणि तो हिशोब आठवीच्या गणितापेक्षा अवघड नाही.

एचएचओ म्हणजे काय?

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. पाण्यात दोन धातूच्या पट्ट्या बुडवून वीज सोडली की ऋण टोकाशी हायड्रोजन आणि धन टोकाशी ऑक्सिजन असे बुडबुडे येतात. यालाच विद्युत अपघटन किंवा इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रयोग शाळेत पाहिला आहे. १८०० साली व्होल्टाने पहिली बॅटरी केली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाईल यांनी तसलीच बॅटरी वापरून पाणी फोडून दाखवलं. म्हणजे हा शोध सव्वादोनशे वर्षं जुना आहे.

शाळेच्या प्रयोगात दोन्ही वायू वेगवेगळ्या नळ्यांत गोळा होतात. किटमध्ये ते एकत्रच बाहेर काढले जातात. या मिश्रणाला विक्रेते 'एचएचओ' म्हणतात. काही जण 'ब्राऊन्स गॅस' म्हणतात, कारण यूल ब्राऊन नावाच्या बल्गेरियात जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९७० च्या दशकात त्याची पेटंटं घेऊन त्याचा जोरदार प्रचार केला होता. रसायनशास्त्रात त्याचं जुनं नाव ऑक्सिहायड्रोजन. हा वायू म्हणजे पाण्याचं काहीतरी गूढ, नवं रूप आहे असं काही जाहिरातींत सांगतात. तसं काही नाही. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन, बस.

हा वायू निरुपयोगी आहे असंही नाही. त्याची ज्योत २,८०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. एकोणिसाव्या शतकात याच ज्योतीने चुन्याचा तुकडा तापवून नाटकाच्या रंगमंचावर झगझगीत प्रकाश पाडत असत. आज आपण 'लाइमलाइट' म्हणतो तो शब्द तिथलाच, लाइम म्हणजे चुना. सोनारकामात बारीक डाग देण्यासाठी पाण्यावर चालणारी वेल्डिंग यंत्रं मिळतात, त्यांच्या नळीतूनही हाच वायू येतो. पण त्या यंत्राची वायर भिंतीवरच्या प्लगला जोडलेली असते आणि महिनाअखेरीला विजेचं बिल येतं. गाडीतल्या किटचा प्लग कुठे आहे, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन

इंधन म्हणजे अशी वस्तू, जी ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता देते. लाकूड जळतं आणि राख उरते. राखेला पुन्हा काडी लावली तर ती पेटत नाही, कारण तिच्यातलं द्यायचं ते देऊन झालेलं असतं. हायड्रोजन जळला की जे उरतं ते पाणी. म्हणजे इंधन म्हणून बघितलं तर पाणी ही हायड्रोजनची राख आहे.

या राखेचं पुन्हा इंधन करता येतं, पण त्यासाठी जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली होती, कमीत कमी तेवढी परत आत घालावी लागते. एक लिटर पाणी पूर्ण फोडायला किमान ४.४ युनिट ऊर्जा लागते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट, किलोवॉट-तास. त्यातून जवळजवळ दोन हजार लिटर वायू मिळतो. तो सगळा जाळला की मिळणारी उष्णता किती? तेवढीच, ४.४ युनिट. एक कणही जास्त नाही. प्रत्यक्षात तर फोडताना पट्ट्या आणि पाणी गरम होण्यात बरीच ऊर्जा वाया जाते, म्हणून घालावी लागते ती नेहमी जास्तच असते.

इथे 'खास फ्रिक्वेन्सी', 'रेझोनन्स', 'पल्स' असे शब्द येतात. विशिष्ट कंपनाची वीज दिली तर पाणी फार कमी विजेत फुटतं, असा दावा असतो. पण सुरुवात पाण्यापासून आहे आणि वायू जाळल्यावर शेवटही पाण्यातच आहे. सिंहगड आतकरवाडीकडून चढा नाहीतर कल्याण दरवाजाकडून, गडाची उंची तेवढीच राहते. जास्त दमवणारी वाट सापडू शकते, पण उंची कमी करणारी वाट सापडत नाही.

आता गाडीतला हिशोब

एक साधी पेट्रोल कार घेऊ. ती ताशी ६० किलोमीटरने चालते आणि लिटरला १५ चं ॲव्हरेज देते. म्हणजे तासाला ४ लिटर पेट्रोल. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट उष्णता असते, म्हणून ही गाडी तासाला ३६ युनिट उष्णता जाळते.

कारसाठी विकली जाणारी किट मिनिटाला साधारण एक लिटर वायू देतात असं धरू. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. बाटलीत बुडबुडे उसळताना दिसतात, त्यामुळे डोळ्यांना खात्री पटते. पण वायू अतिशय हलका असतो. तासाभरात जमलेल्या त्या ६० लिटर वायूसाठी पाणी खर्च होतं फक्त ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. आणि त्यात उष्णता असते ०.१३ युनिट. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर १५ मिलिलिटर पेट्रोलइतकी. एकीकडे ४,००० मिलिलिटर पेट्रोल आणि दुसरीकडे १५. हा वायू आकाशातून फुकट पडला असता तरी बचत अर्ध्या टक्क्याच्या आत राहिली असती.

आणि तो फुकट पडत नाही. एवढा वायू काढायला चांगल्या किटलाही बॅटरीच्या वायरवरून सुमारे १५ अँपिअर, म्हणजे २०० वॉटच्या आसपास वीज लागते. ही वीज अल्टरनेटर देतो, ज्याला आपल्याकडे अजून पुष्कळ जण डायनॅमोच म्हणतात. तो इंजिनाकडून मिळालेल्या ताकदीपैकी जेमतेम निम्मीच वीज म्हणून परत देतो. म्हणजे इंजिनावर साधारण ३७० वॉटचा बोजा पडला. इंजिन पेट्रोलच्या उष्णतेपैकी पाव हिस्साच ताकदीत बदलतं, बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. तो हिशोब धरला तर या किटसाठी तासाला दीड युनिट उष्णता जास्त जाळावी लागते, म्हणजे १६५ मिलिलिटर पेट्रोल.

म्हणजे १६५ मिलिलिटर पेट्रोल खर्चून आपण १५ मिलिलिटर पेट्रोलइतका वायू मिळवला. आकडे गाडीप्रमाणे थोडे पुढेमागे होतील. चांगला अल्टरनेटर, चांगलं इंजिन घेतलं तर १६५ चे १२० होतील. पण १५ च्या खाली ते कधीच जाणार नाहीत.

इथे एक आक्षेप हमखास येतो, की डायनॅमो तर तसाही फिरतच असतो, त्याची जादा वीज वापरली तर बिघडलं कुठे? ज्यांनी जुन्या सायकलचा डायनॅमो वापरला आहे त्यांना याचं उत्तर पायांनी माहीत आहे. डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड होतं. अल्टरनेटर रिकामा फिरत असताना हलका फिरतो, वीज खेचली की तेवढाच जड होतो. उभ्या गाडीत सगळे दिवे आणि काचेचा हीटर एकदम लावला तर क्षणभर इंजिनाचा आवाज बदलतो, तो याच कारणाने. जादा वीज म्हणून कुठे काही साठून राहिलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे. किटची बॅटरी घरी सोलर पॅनेलवर चार्ज केली तर? मग हिशोब नक्की बदलतो, कारण ऊर्जा सूर्याकडून आली. पण मग पाणी मध्ये कशाला? वर घेतलेली कार फक्त या वायूवर चालवायची तर मिनिटाला साधारण २७० लिटर वायू लागेल आणि तो काढायला ५० किलोवॉटहून जास्त वीज. त्याच वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रिक कारला ९-१० किलोवॉट पुरतात. एका पाण्यावरच्या गाडीच्या विजेत पाच इलेक्ट्रिक गाड्या चालतील. दुचाकीवर तर हा प्रकार आणखी अवघड आहे, कारण छोट्या मोटारसायकलची चार्जिंग यंत्रणाच जेमतेम शे-दीडशे वॉटची असते. किट जोडलं की थोड्या दिवसांत बॅटरी उतरते.

'पण माझ्या गाडीचं ॲव्हरेज खरंच वाढलं!'

असं सांगणारे सगळे खोटं बोलत नाहीत, आणि त्यांना वेड्यात काढण्यात काही अर्थ नाही. त्यांना फरक दिसण्याची कारणं आहेत.

वरच्या हिशोबात एक गोष्ट लपलेली आहे. किटमुळे होणारा तोटा तासाला दीडशे मिलिलिटर, म्हणजे चारेक टक्के आहे. रोजच्या वापरात गाडीचं ॲव्हरेज याहून कितीतरी जास्त वरखाली होत असतं. सणाच्या आठवड्यात ट्रॅफिक वाढला, पाऊस पडला, एसी लावला, टायरमध्ये हवा कमी झाली, पंपावरच्या माणसाने टाकी जरा जास्त काठोकाठ भरली, की दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. या गोंधळात चार टक्के तोटा दिसतच नाही. किट जर गाडीचं ॲव्हरेज निम्म्यावर आणत असतं तर हा धंदा एका महिन्यात बंद झाला असता. तोटा छोटा आहे म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला आहे.

त्यात माणसाचा पाय बदलतो. आठ-दहा हजार रुपये घालून आलेला माणूस पुढचे काही आठवडे ॲक्सिलरेटर जपून दाबतो, सिग्नलला इंजिन बंद करतो, दर भरण्याला आकडे लिहून ठेवतो. नुसत्या सांभाळून चालवण्याने ॲव्हरेज चांगलं सुधारतं, आणि श्रेय किटला मिळतं. शिवाय किट बसवताना मेकॅनिक एअर फिल्टर साफ करतो, प्लग बदलतो, टायरमध्ये हवा भरतो. हे काम किट न बसवता केलं असतं तरी फायदा तोच झाला असता.

तिसरा प्रकार मात्र काळजी करण्यासारखा आहे. काही किटसोबत एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी देतात, जी गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरचा संदेश बदलते. गाडीचा संगणक फसतो आणि इंजिनात पेट्रोल कमी सोडतो. त्याने थोडी बचत खरंच दिसू शकते, पण ती पाण्याची नव्हे, उपाशी ठेवलेल्या इंजिनाची. अशाने ज्वलनाचं तापमान वाढतं, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होऊ शकतं.

आणि तो बाटलीवाला व्हिडिओ? जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरच्या वाटीत टाकीचा कॉक बंद केल्यावरही थोडं पेट्रोल उरतं. रिझर्व्ह लागेपर्यंत विसरून गेलेल्या कुणालाही हे माहीत असेल. तेवढ्यावर उभी गाडी काही मिनिटं आरामात चालते. व्हिडिओ बहुतेक वेळा दोन मिनिटांचा असतो.

कुणाला किट तपासूनच बघायचं असेल तर पद्धत साधी आहे. एकाच पंपावर, एकाच नोझलला, टाकी फुल ते फुल मोजायची. तीन-चार टाक्या किट चालू, तीन-चार बंद. आणि महत्त्वाचं म्हणजे किटचा फ्यूज कधी काढला, कधी लावला हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं आणि चालवणाऱ्याला सांगायचं नाही. विक्रेत्याला अशी चाचणी सुचवून बघा, उत्तरावरून बरंच कळतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. २००९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 'हायड्रो असिस्ट फ्युएल सेल' नावाचं किट विकणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्या किटचा दावा किमान ५० टक्के ॲव्हरेज वाढण्याचा होता.

नासाने सिद्ध केलंय म्हणतात, ते काय?

किटच्या जाहिरातीत नासाच्या एका अहवालाचा उल्लेख असतो. तो अहवाल खरा आहे. नासाच्या लुईस संशोधन केंद्राने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळला तर काय होतं हे त्यात तपासलं होतं. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलपेक्षा कितीतरी वेगाने पसरते आणि तो फार विरळ मिश्रणातही पेटतो. त्यामुळे इंजिन जास्त हवा आणि कमी पेट्रोलवर चालवता येतं, धूर स्वच्छ होतो. हे सगळं बरोबर आहे.

पण त्या प्रयोगात हायड्रोजन सिलिंडरमधून आला होता, किंवा मिथेनॉलपासून तयार केला होता. इंजिनाच्याच विजेवर पाणी फोडून नव्हे. शिवाय त्याचं प्रमाण किटच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा खूप जास्त होतं आणि त्यासाठी इंजिन वेगळं जुळवून घेतलं होतं. जाहिरातीत अहवालाचं नाव येतं, एवढी गोष्ट मात्र येत नाही.

अशीच गल्लत 'वॉटर इंजेक्शन' बद्दल होते. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत पाण्याचा फवारा मारत आणि बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये एम-फोर जीटीएस या कारमध्ये हे तंत्र आणलं. तिथे पाणी जळत नाही. ते वाफ होताना आतली हवा थंड करतं, त्यामुळे इंजिन नॉक न करता जास्त ताकद देतं. पाण्याची टाकी असली तरी गाडी चालते पेट्रोलवरच.

शोधक, पेटंट आणि न्यायालयं

इंजिनात हायड्रोजन जाळणं ही कल्पना पेट्रोलच्या मोटारीहून जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या इझाक द रिव्हाझने १८०७ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणावर चालणारं इंजिन केलं होतं, बेन्झच्या मोटारीच्या जवळपास ऐंशी वर्षं आधी. त्याने हायड्रोजन सोबत नेला होता. तो गाडीतच पाण्यातून काढतो, असं त्याने म्हटलं नव्हतं.

तसं म्हणणाऱ्यांत सगळ्यात गाजला तो अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा स्टॅन्ली मेयर. त्याच्याकडे 'वॉटर फ्युएल सेल' बसवलेली एक बग्गी होती आणि लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अंतर २२ गॅलन, म्हणजे सुमारे ८३ लिटर पाण्यात कापता येईल असा त्याचा दावा होता. दोन गुंतवणूकदारांनी त्याला न्यायालयात खेचलं. तज्ज्ञांनी ते उपकरण तपासलं आणि त्यात नेहमीचंच विद्युत अपघटन असल्याचं सांगितलं. १९९६ मध्ये न्यायालयाने ही ढळढळीत फसवणूक ठरवून २५,००० डॉलर परत करायला लावले. १९९८ मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये मेयर अचानक कोसळला आणि मरण पावला. विष दिल्याची अफवा लगेच पसरली, ती आजही व्हिडिओंत असते. शवचिकित्सेत कारण निघालं मेंदूतली रक्तवाहिनी फुटणं.

'शोध दडपला' या कथेला एक सरळ प्रश्न विचारता येतो. मेयरची पेटंटं जाहीर कागदपत्रं आहेत, ती आजही कुणालाही वाचता येतात आणि त्यांची मुदत केव्हाच संपली आहे. जगातल्या कुठल्याही कारखान्याने, कुठल्याही देशाने ती वापरून गाड्या काढायला आज कोणतीच आडकाठी नाही. ज्या देशांकडे स्वतःचं तेल नाही, त्यांनी तर त्यावर उडी घातली असती. आणि पेटंट मिळालं म्हणजे यंत्र चालतं असं नव्हे. पेटंट कार्यालय मुख्यतः कल्पना नवी आहे का हे पाहतं, गाडी चालवून बघत नाही.

फिलिपिन्समध्ये डॅनिएल डिंगेल नावाच्या माणसाने अनेक वर्षं पाण्यावरच्या गाडीचं प्रदर्शन केलं. २००८ मध्ये, ८२ व्या वर्षी त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. २०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकार अहमद या अभियंत्याच्या 'वॉटर किट'ने टीव्हीवर धुमाकूळ घातला. देशात विजेचं आणि गॅसचं मोठं संकट होतं, मंत्री कौतुक करत होते, नामवंत अँकर गाडीत बसून फिरत होते. परवेझ हुडभॉय यांच्यासारखे मोजके भौतिकशास्त्रज्ञ उष्मागतिकीचे नियम समजावत राहिले, तर त्यांनाच देशाची प्रगती नको आहे असं सुनावलं गेलं. इंधनाची टंचाई जितकी तीव्र, तितका असल्या यंत्रावर विश्वास पटकन बसतो.

आपल्याकडचं उदाहरण थोडं वेगळं आहे, पण नातं जवळचं. १९९६ मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लईने पाण्यात जडीबुटी उकळून पेट्रोल केल्याचा दावा केला आणि देशभर नाव कमावलं. पुढे सीबीआयने गुन्हा दाखल केला. टोल्युइन, नाफ्था यांसारखे पेट्रोलियम पदार्थ मिसळून 'हर्बल पेट्रोल' विकलं जात होतं असा आरोप होता. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

आणखी एक प्रकार भारतात अधूनमधून बातम्यांत येतो, पाणी आणि कार्बाइडवर चालणारी गाडी. कॅल्शियम कार्बाइड म्हणजे आंबे पिकवायला चोरून वापरतात ती बंदी असलेली पावडर. जुन्या काळी सायकलच्या दिव्यातही ती असायची. पाणी पडलं की तिच्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो उत्तम जळतो. अशी गाडी खरंच चालू शकते. पण तिथे इंधन कार्बाइड आहे, आणि ते चुना आणि कोक विजेच्या भट्टीत सुमारे दोन हजार अंशांवर तापवून तयार करावं लागतं. ॲल्युमिनियमची भुकटी आणि पाणी वापरणाऱ्यांचंही तसंच. संपतो तो धातू, पाणी नव्हे.

बसवलंच असेल तर

पैसे गेले एवढ्यावर भागत नाही. हे मिश्रण हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या नेमक्या जळण्याच्या प्रमाणात असतं. त्याला बाहेरची हवाही लागत नाही आणि पेटायला अगदी बारीक ठिणगी पुरते. इंजिनातून ज्योत नळीत उलटी आली तर ती थेट बाटलीपर्यंत पोचते. म्हणून सोनारांच्या यंत्रात ज्योत अडवणारा झडप असतो आणि वायू साठवून ठेवत नाहीत. यूट्यूब बघून प्लास्टिकच्या डब्यात घरी केलेल्या किटमध्ये हे नसतं. हा वायू डब्यात किंवा सिलिंडरमध्ये भरून दाबाखाली ठेवणं तर कधीच करू नये.

पाण्यात जे मिसळतात तेही बघायला हवं. शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही, म्हणून कॉस्टिक पोटॅश घालतात. ते कातडी आणि डोळे भाजतं. कुणी मीठ घालतं, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. आणि स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या झिजून जो पिवळसर-तपकिरी गाळ बसतो, त्यात कर्करोगकारक हेक्साव्हॅलंट क्रोमियम असू शकतं. तो गाळ गटारात किंवा शेतात ओतू नका, हात लावायचा तर रबरी हातमोजे घाला.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. सीएनजी किट बसवताना ते मान्यताप्राप्त असावं लागतं आणि आरसीवर नोंद होते, ती याच कारणाने. अशा तपासण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे. एचएचओ किटवाल्याकडे मान्यतेचं प्रमाणपत्र मागा, आणि आरटीओत आरसीवर नोंद करून देणार का तेही विचारा. गाडी पेटली तर विमा कंपनी नेमका हाच प्रश्न तुम्हाला विचारेल.

मग सरकार हायड्रोजनच्या गाड्या का आणतंय?

कारण त्या पाण्यावर चालत नाहीत, हायड्रोजनवर चालतात. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून केलेली हायड्रोजन फ्युएल सेल बस सादर झाली. त्या बसमध्ये हायड्रोजन बाहेरून भरतात. फ्युएल सेलमध्ये त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वीज तयार होते, तिच्यावर मोटर फिरते आणि मागून पाण्याची वाफ निघते. पाणी बाहेर पडतं, आत जात नाही. बातमीच्या मथळ्यात हे नेमकं उलटं होतं आणि तिथून पुढे फॉरवर्ड सुरू होतात.

हा हायड्रोजन कारखान्यात पाणी फोडूनच काढता येतो, पण वीज बाहेरची, शक्यतो सौर किंवा पवन. तेव्हा त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. एक किलो हायड्रोजनला सुमारे ९ लिटर पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यावर फ्युएल सेलची कार साधारण १०० किलोमीटर जाते. तीच वीज इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत भरली तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाता येतं. म्हणून हायड्रोजनचा विचार छोट्या गाड्यांपेक्षा लांब पल्ल्याचे ट्रक, पोलाद आणि खतं यांच्यासाठी जास्त होतो. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि तसे कारखाने हळूहळू पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनवर आणणं हा या अभियानातला एक मोठा भाग आहे.